अकरा कॅसेटी आणि सगळ्यांवर एकच लेबल

(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात जुन्या फोटोंबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं भरपूर आली पण निम्म्याहून जास्त पत्रं फोटोंबद्दल नव्हतीच, घरात पडलेल्या कॅसेटींबद्दल होती. त्यातली चार घेतोय. दुसऱ्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण ते काम तातडीचं आहे.

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. यंदा २० फेब्रुवारीला आठवीच्या वर्गात जॉन ग्लेनबद्दल सांगत होतो, १९६२ ला त्याच दिवशी पृथ्वीभोवती फिरून आलेला पहिला अमेरिकन आणि पुढं २४ वर्षं सिनेटर. एका मुलीनं विचारलं, सर मग त्याचे एवढे सगळे व्हिडिओ असतात कुणाकडं, नासाकडं, सरकारकडं का त्याच्या घरी? मला काही नीट सांगता आलं नाही. आणि माझी स्वतःची शंका अशी की आता सगळं यूट्यूबवर दिसतंय तर त्या जुन्या टेपा सांभाळत बसायचा खर्च कशाला?

उत्तर : सर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनं रेकॉर्ड जपणाऱ्या ठिकाणी, काम करणारी माणसं पहिलं हेच विचारतात की वस्तू मुळात कुणाची. तिनं दिलेले तिन्ही पर्याय थोडे थोडे बरोबर आहेत. उड्डाणाची फिल्म आणि रेडिओवरचं बोलणं हे नासाचं, म्हणजे सरकारी. सिनेटच्या समित्यांचं रेकॉर्ड सिनेटचं. पण सिनेटरच्या स्वतःच्या ऑफिसातलं सगळं, म्हणजे मतदारांसाठी रेकॉर्ड केलेले संदेश, मुलाखती, दौऱ्यातलं शूटिंग, हे अमेरिकेत त्याच्या खाजगी मालकीचं धरतात आणि निवृत्त झाल्यावर ते कुठं द्यायचं हे तोच ठरवतो. ग्लेननं ते आपल्याच राज्यातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला दिलं, तिथं त्याच्या नावाचं आर्काइव्ह आहे. त्याची फ्रेंडशिप ७ ही कॅप्सूल मात्र वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या विमान आणि अंतराळ संग्रहालयात आहे. म्हणजे माणूस एकच पण त्याच्या आठवणींची वाटणी तीन-चार घरांत झालेली, अगदी आपल्याकडच्या शेतासारखी.

आता अशा माणसाच्या टेपा सांभाळणं अवघड का, ते त्याच्या आयुष्याकडं बघितलं की कळतं. १९६२ च्या उड्डाणात कॅप्सूलमध्ये त्याच्या चेहऱ्यावर रोखलेला फिल्म कॅमेरा होता आणि बोलणं टिपायला टेप रेकॉर्डर होता. १९७४ ला तो निवडून आला तेव्हा टीव्हीवाल्यांकडं फिल्मच्या जोडीला यू-मॅटिक नावाची जाडजूड कॅसेट नुकतीच रुळत होती, १९८४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला तोवर बीटाकॅम आणि व्हीएचएस आलेले, आणि १९९८ ला वयाच्या ७७ व्या वर्षी डिस्कव्हरी यानातून परत वर गेला तेव्हा डिजिटल टेप आलेली होती. एवढ्या काळातल्या प्रत्येक फॉरमॅटला मशीन वेगळं, त्याची टेप वाचणारी हेडं वेगळी आणि ते दुरुस्त करणारा माणूसही वेगळा. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई, तिनं २०१६ ला उत्पादन थांबवलं. म्हणजे टेप धडधाकट आहे पण वाजवायला मशीनच नाही अशी वेळ येते, आणि अमेरिकेत येते तशीच ती लक्ष्मीपुरीतही येते.

यूट्यूबचं म्हणाल तर एक गोष्ट सांगतो. अपोलो ११ चं चंद्रावरचं चित्र ज्या टेपांवर मूळ दर्जात उतरलं होतं त्या टेपा नासानं शोधायला घेतल्या आणि शेवटी २००९ ला जाहीर करावं लागलं की टेपांची टंचाई होती त्या काळात त्या बहुधा पुसून परत वापरल्या गेल्या. आज जग जे बघतं ते टीव्हीसाठी बदलून घेतलेलं कमी दर्जाचं चित्र. कुणीही मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं, टीव्हीवर दाखवलंय की मग मूळ कशाला ठेवायचं, एवढाच विचार असणार. तुम्ही विचारलंत तोच.

दुसरी गोष्ट मला फार जवळची वाटते. ग्लेनचं रॉकेट सुटताना त्याचा सहकारी स्कॉट कारपेंटर माइकवर म्हणाला, "गॉडस्पीड, जॉन ग्लेन." आज ते वाक्य जगभर ठाऊक आहे, पण रेडिओच्या अडचणीमुळं ते त्या क्षणी ग्लेनलाच ऐकू गेलं नव्हतं. ज्याच्यासाठी म्हटलं त्याच्यापर्यंतसुद्धा ते टेपमुळं पोचलं. वर्गात हे जरूर सांगा.

प्रश्न : नमस्कार. आमचं गाव प्रयाग चिखली. आजोबा पैलवान, खासबागेत कुस्त्या मारलेल्या, पुढं राजकारणात पडले आणि दोन टर्म झेडपी मेंबर होते. त्यांची एक ट्रंक आहे. २०१९ च्या महापुरात ती दोन दिवस पाण्यात होती, नंतर माळ्यावर टाकली ती तशीच. परवा उघडली तर आत चाळीसभर ऑडिओ कॅसेट, पंधरा-सोळा व्हीएचएस, चार छोट्या मिनी डीव्ही आणि पत्र्याच्या डब्यात फिल्मचं एक रीळ. कॅसेटींवर चिखल वाळलाय, काहींवर पांढरी बुरशी. रिळाचा डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. एका दुकानदारानं सांगितलं आणा, लावून बघू, चालल्या तर पेन ड्राइव्हवर टाकून देतो. वडील म्हणतात टाकून द्या सगळं, पुरानं घर नेलं तिथं कॅसेटीचं काय. काय करू?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे कुठंही काहीही लावून बघू नका. हे वाक्य वडिलांनाही वाचून दाखवा आणि दुकानदारालाही सांगा. वाळलेला चिखल म्हणजे बारीक वाळू, मशीनच्या हेडावरून टेप फिरली की ती वाळू टेपवरचा थर खरवडून काढते, आणि तुमच्या आजोबांचा आवाज त्या थरातच आहे, खालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत नाही. एकदा खरवडला की गेला. बुरशीचं तर असं की एक कॅसेट लावली की मशीन खराब होतं आणि त्याच मशीनमध्ये पुढं लावलेल्या सगळ्या कॅसेटींना ती लागते.

आज संध्याकाळी एवढं करा. तोंडाला चांगला मास्क बांधा, हातमोजे घाला, ट्रंक घराबाहेर सावलीत काढा, बुरशी छातीत गेली तर त्रास होतो म्हणून लहान पोरांना लांब ठेवा. बुरशीवाल्या कॅसेटी वेगळ्या कागदी खोक्यात, चिखलाच्या वेगळ्या, आणि ज्या बऱ्या दिसतात त्या वेगळ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत दमट होतं आणि बुरशी वाढते. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर तर नकोच. लेबलं निघायला आली असतील तर आधी प्रत्येक कॅसेटचा मोबाइलवर फोटो घ्या, मग लेबल सुटलं तरी कुठलं कुठल्या कॅसेटीचं ते कळेल. व्हीएचएसच्या मागच्या कडेला एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो तो शाबूत असेल तर मोडून टाका, मग चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही उतरणार नाही. ऑडिओ कॅसेटीला असे दोन असतात, दोन्ही मोडा.

पुराचं पाणी ताजं असताना टेप स्वच्छ पाण्यात विसळून गार हवेत वाळवता येते, पण आता इतकी वर्षं झाल्यावर टेपचे पदर एकमेकांना चिकटलेले असू शकतात, ओढले की तुटतात. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. येतं का नाही हे ओळखायला दोन प्रश्न विचारा. कॅसेटीचं कवच बदलता का? व्हीएचएसचं कवच साधारण पाच स्क्रूंवर असतं, आतली टेप काढून स्वच्छ करून नव्या कवचात घालता येते, आणि ज्याला हे माहीत नाही त्यानं पुरातल्या कॅसेटीला हात लावू नये. दुसरं विचारा, आधी कुठली लावणार? शहाणा माणूस म्हणेल सगळ्यात कमी महत्त्वाची. आधी भाषणाची कॅसेट नको, कुणाच्या तरी बारशाची घ्या, ती नीट निघाली की मगच पुढची.

काही कंपन्यांच्या ७० आणि ८० च्या दशकातल्या टेपांमध्ये थर धरून ठेवणारं जे चिकट द्रव्य असतं ते हवेतला ओलावा पिऊन मऊ होतं, मग वाजवताना टेप किंचाळते आणि हेडावर तपकिरी चिकटा साठतो. अशा टेपा प्रयोगशाळेत ५० अंशाच्या आसपास काही तास भाजून तात्पुरत्या वाजत्या करतात. हे वाचून घरचा ओव्हन लावायचा नाही, तापमान जरा वर गेलं की पट्टी वाकडी होते, आणि जुन्या अ‍ॅसिटेटच्या टेपा तर भाजायच्याच नसतात.

आता ते रीळ. आंबूस वास म्हणजे फिल्मची पट्टी अ‍ॅसिटेटची आहे आणि ती सडायला लागलीय, त्यातून खरोखर व्हिनेगरचंच आम्ल सुटतं, आणि सुटलेलं आम्ल सडणं आणखी वाढवतं. म्हणजे ही प्रक्रिया आपोआप वेग घेते, मागे फिरत नाही, फक्त हळू करता येते. बाकी सगळ्यापासून ते आजच लांब ठेवा, कोरड्या आणि घरातल्या सगळ्यात गार जागेत, डब्याचं झाकण थोडं सैल. पत्र्याखालच्या माळ्यावर अजिबात नको. आणि तुमच्या ट्रंकेतलं पहिलं स्कॅनिंग याचं करा, कारण फिल्म आक्रसली आणि वेडीवाकडी झाली की स्कॅनरमधून जात नाही. प्रोजेक्टरवर तर चालवूच नका, कडेची भोकं फाटतात. खासबागेतली कुस्ती त्यात असली तर ती दुसऱ्या कुठं असण्याची शक्यता फार कमी.

चार मिनी डीव्ही आहेत त्या मुळातच डिजिटल आहेत. त्यांचं चित्र टीव्हीच्या वायरीनं काढून परत रेकॉर्ड करायचं नाही, कॅमेऱ्यातून फायरवायर केबलनं आहे तसा डेटा कॉम्प्युटरवर घ्यायचा, तासाला १३ जीबीच्या आसपास जागा लागते आणि दर्जा काडीचाही कमी होत नाही. बरीच दुकानं इथंच चुकतात.

आता वडिलांचं. त्यांचा राग मी समजू शकतो, पुरात जे गेलं त्यापुढं ट्रंक काहीच नाही. पण त्यांना एकच काम सांगा, दुसरं काही नाही, आजोबांच्या बरोबरीची जी माणसं गावात आहेत त्यांची यादी करायला सांगा. का ते सांगतो.

मागं मी शिवाजी पेठेतल्या एका घरी गेलो होतो. घरातले दिवंगत गृहस्थ नगरसेवक होते. शोकेसच्या खालच्या कप्प्यात अकरा कॅसेटी, आणि अकराही कॅसेटींवर एकाच हस्ताक्षरात एकच लेबल : "साहेब – भाषण – महत्त्वाचं." साल नाही, जागा नाही. कॅसेटी उत्तम स्थितीत, सगळ्या व्यवस्थित उतरवून घेतल्या, आवाज स्पष्ट. पण कुठलं भाषण कधीचं ते मुलाला सांगता येईना. विषयावरून काढावं म्हटलं तर भाषणात थेट पाइपलाइनची, म्हणजे काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणायची मागणी, आणि ती तर कोल्हापुरात इतकी वर्षं चालली की त्यावरून साल कळणं शक्यच नाही. मग त्या घरच्या वहिनींनी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांना बोलावलं, ते पूर्वी सभांना लाऊडस्पीकर पुरवायचे. काका खुर्चीत बसले, डोळे मिटले, चौथी कॅसेट लागली आणि मिनिटभरात म्हणाले, हे गांधी मैदान. मी विचारलं कशावरून. तर म्हणाले माझा उजवीकडचा कर्णा फाटका वाजत होता, "स" म्हटलं की चरचरायचा, पुढच्या गणपतीला मी तो बदलला, तेव्हा ही सभा त्याच्या आधीची, आणि मध्ये जो माणूस "जरा मोठ्यांदा" म्हणतोय तो आमच्या गल्लीचा. त्यांनी अकरापैकी सात कॅसेटी अशा ओळखून दिल्या. काका बोलत असताना मी फोनवर त्यांचं बोलणंही रेकॉर्ड करून घेतलं आणि प्रत्येक फाइलच्या शेजारी ठेवलं. चार कॅसेटी अजून तशाच आहेत, साल नसलेल्या.

जगातली भारीतली भारी लॅब टेप स्वच्छ करून देईल, कर्णा कुणाचा ते नाही सांगणार. म्हणून कॅसेटी दुरुस्त व्हायची वाट बघू नका, आजोबांच्या जोडीदारांना आत्ताच भेटा, ट्रंकेतल्या लेबलांचे फोटो दाखवा, कुस्ती कुणाबरोबर झाली, निकाल काय लागला, प्रचाराला कुठली गाडी होती, हे सगळं बोलतं करून रेकॉर्ड करा.

प्रश्न : शाहूपुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. १९९० पासून सगळ्या पक्षांच्या सभा, मिरवणुका, सत्कार शूट केले. एडिट न केलेल्या तीनशेवर कॅसेट गोडाऊनमध्ये आहेत. जागा सोडायचीय. भंगारात देऊ का? आणि कुणाला दिल्या तर हक्काचा काही लफडा होईल का?

उत्तर : काका, हात जोडून सांगतो, भंगारात देऊ नका. आपल्या गावाचं या बाबतीतलं नुकसान आधीच फार मोठं आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती इथं, प्रभात १९२९ ला सुरू झाली ती इथं, आणि त्या काळातले बहुतेक मूकपट आज बघायलाच मिळत नाहीत. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ १९४८ ला जाळपोळीत गेला. केशवराव भोसले नाट्यगृहाची आग तर ऑगस्ट २०२४ ची, त्या रात्री बाहेर उभं राहून रडणारी माणसं आपण सगळ्यांनी बघितली. तुमच्या गोडाऊनमध्ये तीस वर्षांचं कोल्हापूर आहे, आणि एडिट न केलेलं आहे हेच त्याचं मोल, कारण नेत्याच्या भाषणाची दोन मिनिटं कुणीही ठेवतं, पण भाषणाआधीचा अर्धा तास, गर्दीतले चेहरे, मागच्या दुकानांच्या पाट्या, त्या तुमच्याकडंच आहेत.

हक्काचं थोडक्यात असं. कॅसेट ही वस्तू तुमची असली तरी पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून शूट केलं असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वेगळा करार नसल्यास पहिला मालक काम सांगणारा धरतात. म्हणून जुनी बिलबुकं असतील तर ती कॅसेटींबरोबरच ठेवा, कुठली सभा कुणी सांगितली होती ते त्यातूनच कळेल, तारखाही त्यात असतील. जतन करणं आणि लोकांना दाखवणं या दोन गोष्टी वेगळ्या. एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला देताना साध्या कागदावर लिहून घ्या की सांभाळायला दिलंय, प्रदर्शनासाठी परवानगी वेगळी लागेल. शिवाजी विद्यापीठात चौकशी करा, आणि सिनेमाशी संबंधित काही असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. देईपर्यंत कॅसेटीतली टेप पूर्ण गुंडाळून एका बाजूला आणा आणि कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या थप्प्या नकोत, आणि मोठ्या स्पीकरपासून लांब, त्यात लोहचुंबक असतो.

आणि तुमचा व्हीसीआर चालू असेल तर तो कॅसेटींच्या आधी विकू नका.

प्रश्न : आईच्या भजनाच्या कॅसेटी दुकानातून एमपीथ्री करून पेन ड्राइव्हवर घेतल्या. आता कॅसेटी टाकून दिल्या तर चालतील ना?

उत्तर : नाही ताई, थांबा. एमपीथ्री ऐकायला छान पण त्यात आवाजाचा बराचसा भाग जागा वाचवायला कायमचा काढून टाकलेला असतो. दुकानात परत जा आणि डब्ल्यूएव्ही फाइल मागा, आर्काइव्हवाले ९६ किलोहर्ट्झ २४ बिटवर घेतात, तासाला दोन जीबी लागतात म्हणजे आजच्या हार्ड डिस्कला काहीच नाही. पेन ड्राइव्ह हा न्यायला-आणायला असतो, ठेवायला नसतो, वर्षानुवर्षं कपाटात पडला तर भरवसा नाही. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, भावाकडं किंवा क्लाउडवर, कारण पाणी आलं तर घरातल्या सगळ्या प्रती एकदमच जातील. फाइलला नाव देताना "आई भजन १" असं नको, तारीख, गाव, मंडळाचं नाव आणि पेटीवर कोण होतं तेही घाला. पेटीवर कोण होतं ते आईंनाच विचारा.